जलसंजीवनीचा अध्याय

बोरझिऱ्यात अभिमन नानांच्या गिरणीवर दळण टाकलं की पिठाबरोबर थोडं ज्ञानही पदरात पडायचं, आणि ते कोणी मागितलेलं नसायचं. डबा गिरणीच्या तोंडात उपडा करता करता नाना सांगायचे की चंद्राला स्वतःचा उजेड नाही, तो उसना आहे. बायका डोक्यावरचा पदर सावरत म्हणायच्या, "व्हई नाना. आते दादर जराशी बारीक काढा." दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. ती बारीक निघायची, चंद्र तसाच राहायचा.

सोनगीरला महामार्ग सोडून आत वळलं की मुरमाच्या रस्त्यानं हे गाव लागतं. नाना मॅट्रिकपर्यंत शिकलेले. पण गावात त्यांना मान होता तो शिक्षणाचा नव्हे, गळ्याचा. त्यांचे वडील पुना आप्पा चातुर्मासात मारुतीच्या देवळात पोथी वाचायचे. आप्पांमागे ते आसन नानांकडे आलं. ओवी चालीवर म्हणायची आणि मग तिचा अर्थ अहिराणीत सोडवून सांगायचा, अशी रीत. नाना अर्थ असा सांगायचे की म्हाताऱ्यांच्या बिड्या हातात विझायच्या. पण त्यांच्या मनात एक सल होता. वर्षानुवर्षं तीच पोथी, त्याच जागी लोकांचे तेच हुंदके, आणि सकाळी बांधावरून तीच भांडणं. पुराणातली वांगी पुराणात. आपण जन्मभर नुसता गळा वापरला, असं त्यांना वाटायचं, आणि हे गावात कोणाला सांगण्याची सोय नव्हती.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात ते गिरणीचा पट्टा आणायला धुळ्याला गेले. पट्टा मिळायला उशीर, म्हणून वसंत व्याख्यानमालेच्या मांडवात सावलीला बसले. व्यासपीठावर पुण्याचे आठल्ये सर होते. विज्ञान असं सोपं करून सांगणारा माणूस तेव्हा दुसरा नव्हता. वर्तमानपत्रात लिहायचे, रेडिओवर बोलायचे, कॉलेजची पोरं त्यांच्यासाठी दाटी करायची. भाषण संपल्यावर कोणी तरी विचारलं, सर, तुमची आवडती पुस्तकं कोणती? आठल्ये सरांनी तीन सांगितली. एक ताऱ्यांवरचं, एक मुंग्यांवरचं आणि तिसरं 'थेंबातली वस्ती'. म्हणाले, पहिल्या दोन्हींनी मला वेड लावलं, पण तिसरं घरोघर हवं. पाण्याच्या थेंबात काय काय राहतं, त्यानं माणसं कशी मरतात आणि कशी वाचवता येतात, ते त्यात गोष्टीसारखं लिहिलंय. मग हसून म्हणाले, "आणि एकट्यानं मनात वाचू नका. मोठ्यानं वाचा. दुसऱ्याला ऐकवा."

मोठ्यानं वाचा! नानांना वाटलं, हा माणूस आपल्याशीच बोलतोय. एवढ्या मांडवात मोठ्यानं वाचणं हा ज्याचा पिढीजात धंदा, असा तेच एक होते. धुळ्यात पुस्तक मिळालं नाही, तर पुढल्या आठवड्यात ते जळगावला गेले आणि शोधून तिन्ही घेऊन आले. यशोदाबाईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पिशवीत डोकावून विचारलं, "खावानं काय नही आनं का?"

आषाढ लागला तसे चुडामण आबा गिरणीवर आले. देवळाचा कारभार आबांकडे. यंदा कोणती पोथी लावायची, हे विचारायची रीत होती. उत्तर दर वर्षी ठरलेलं. नाना म्हणाले, "औंदा नवी पोथी शे, आबा."

"नवी? तिनामा देव कोनता?"

 खरं सांगितलं असतं तर बोलणं तिथंच संपलं असतं. "पानीना देव शे," ते म्हणाले. पाणी हेच जीवन, खोटं काय आहे यात, असं त्यांनी स्वतःला समजावलं. स्वतःला समजावण्यात शिकलेला माणूस फार हुशार असतो.

एकादशीला पोथी बसली. पहिल्या दिवशी पुस्तक नुसतंच पाटावर होतं. दुसऱ्या दिवशी कोणी तरी त्याला तांबडं फडकं आणलं. तिसऱ्या दिवशी हळदकुंकू, फूल. आणि पोथीपुढे पाण्यानं भरलेला, सोनगीरच्या तांबटांनी घडवलेला तांब्या तर हवाच. वाचन झालं की तेच पाणी तीर्थ म्हणून पळीपळीनं सगळ्यांना.  पुस्तक काय सांगतंय आणि त्याच्याच पुढ्यात नदीकाठच्या आडाचं पावसाळी पाणी! नानांनी आबांना म्हटलं, निदान हे पाणी तरी उकळून घेऊ.

आबा खो खो हसले. "तीर्थ कोनी उकाळस का रे, अभिमन?"

सगळे हसले. नानाही हसले. त्यांना वाटलं, राहू दे. आज फडकं, उद्या फूल. पण कान तर आपल्याकडे आहेत ना! आधी ऐकू देत, मग आपोआप करतील.

आणि ऐकत होती हो माणसं! पुस्तकात ओव्या नव्हत्या, तर नाना गद्यालाच चाल लावायचे. थेंबात राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंची वस्ती, तिच्यातली मारामारी, माणसाच्या पोटात शिरून तिथं घातलेला धुमाकूळ, हे सगळं नाना असं रंगवायचे की बायका तोंडाला पदर लावायच्या. देऊळ भरायला लागलं. शेजारच्या वाडीतली माणसं येऊ लागली. सगळ्यांत पुढे यशोदाबाई. उभ्या संसारात तिनं नवऱ्याच्या पुस्तकांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ती आता दिवेलागणीच्या आधी तांब्या घासून, भरून, पोथीपुढे ठेवून बसायची. घरी जाताना म्हणायची, "आज भलतं चांगलं सांगं तुम्ही." नानांच्या कानांना असं काही ऐकायची सवय नव्हती. ते सुखावले. गावात पाणी कोण उकळतंय याची चौकशी त्यांनी एकदाच केली. कोणीच नाही, असं कळल्यावर पुन्हा केली नाही.

नागपंचमीला त्यांची लेक मंदा माहेरी आली. कडेवर सोनी, दीड वर्षाची, नुकतीच धावायला लागलेली. सोनी देवळात यायची, आजोबांचा आवाज चढला की टाळ्या वाजवायची आणि अर्थ सुरू झाला की झोपायची. नाना म्हणायचे, माझी खरी श्रोती हीच.

मग तो दिवस आला. अध्याय होता हगवणीचा. लेकरू कसं आटतं, डोळे कसे खोल जातात, टाळू कशी बसते.  ज्यांची लेकरं अशी गेली होती त्या बायका तिथंच बसलेल्या होत्या. नाना वाचता वाचता त्या ओळीपाशी आले: अशा लेकराला परत आणणारं एक पाणी आहे. त्याचं नाव जलसंजीवनी.

जलसंजीवनी! मारुतीच्या देवळात, मारुतीच्या पुढ्यात हा शब्द उच्चारल्यावर काय होईल? सगळ्या माना आपोआप वर झाल्या, द्रोणागिरी हातावर घेतलेल्या शेंदरी मूर्तीकडे. आबांनी हात जोडले. नानांना ते दिसलं. पोथी वाचणाऱ्याला कुठं थांबायचं ते कळतं. आप्पांनी त्यांना हेच तर शिकवलं होतं, की लोक जिथं पुढे सरकून बसतील तिथं पोथी बांध, म्हणजे उद्या देऊळ भरतं. पुढच्याच पानावर मीठ होतं, साखर होती, उकळून गार केलेलं पाणी होतं. नानांनी पुस्तक मिटलं.

"ही संजीवनी कशी शे, कोठे शे, ते फुढला अध्यायमा," ते म्हणाले आणि फडकं बांधलं. मोठा गजर झाला. पळीपळीनं तीर्थ वाटलं गेलं.

दुसऱ्या दिवशी वाचन नव्हतं, कारण नाना जळगावला निघाले होते. आठल्ये सर तिथल्या एका कॉलेजात येणार असल्याचं त्यांनी रेडिओवर ऐकलं होतं. जाऊन सांगायचं होतं, की तुम्ही म्हणालात मोठ्यानं वाचा, मी वाचतोय, अख्खं गाव ऐकतंय. जमलं तर समाप्तीला या.

सर भेटले. गर्दीतून बाजूला घेऊन त्यांनी ऐकून घेतलं, आणि पोथी, तांबडं फडकं, चाल हे ऐकताना त्यांचे डोळे भरून आले. "आम्ही नुसती नावं सांगतो हो," ते म्हणाले. "पुस्तक पोचवता तुम्ही." त्यांनी नानांचा हात दोन्ही हातांत धरला होता. नाना मुक्कामाला बसस्टँडवर राहिले आणि तो हात पुन्हा पुन्हा पाहत राहिले. त्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा दिवस होता. असला आनंद वैऱ्यालाही न मिळो.

सकाळच्या गाडीनं ते निघाले आणि दुपारी गावात शिरले, तर दारात माणसं होती. खाली मान घालून बसलेली.

घडलं होतं ते एवढंच. नाना गेले आणि सोनीला हगवण लागली, मग उलट्या. मंदा म्हणाली, गाडी जुंपायला लावा, सोनगीरला डॉक्टरकडे नेते. यशोदाबाईनं तिला थांबवलं. वेडी का तू, म्हणाली, डॉक्टरपेक्षा मोठं आपल्याजवळ आहे. ती देवळात गेली, पोथीपुढचा तांब्या उचलून आणला, आणि जलसंजीवनी म्हणून सोनीच्या तोंडात पळीनं घालत राहिली. तोंडानं मारुतीचं नाव. तांब्या संपला की आडावरून भरायची, पोथीपुढे क्षणभर ठेवायची आणि आणायची. सोनी घोट घ्यायची आणि ओकायची. उजाडता उजाडता तिनं घोट घ्यायचं थांबवलं.

नाना उंबऱ्यातच बसले. यशोदाबाई रडत नव्हती. तिला काही तरी समजत नव्हतं आणि ते समजून घेण्यासाठी ती नवऱ्याची वाट पाहत थांबली होती.

"तुम्हीच सांगं व्हतं ना," ती म्हणाली. "संजीवनी दिधी का लेकरू वाचस. मी रातभर दिधी. मंग काबर नही वाचनी ती?"

नानांनी घरात पाहिलं. आत फळीवर मिठाचा आणि साखरेचा असे दोन डबे शेजारी शेजारी होते. एक पान. एक पान पुढे वाचलं असतं तर यशोदेनं ते डबे उघडले असते; तिनं पोथीचा शब्द खाली पडू दिला नसता. आणि हे आता तिला सांगायचं म्हणजे, तू रात्रभर नुसतं पाणी पाजलंस, तेही गढूळ, हे सांगायचं. ते त्यांनी सांगितलं नाही. मंदानं मात्र बापाकडे एकदा पाहिलं. ती सातवीपर्यंत शिकलेली होती, तिला सगळं कळलं होतं. सासरची माणसं आली तशी ती त्यांच्याबरोबर गेली, आणि त्यानंतर ना नागपंचमीला आली, ना अक्षय तृतीयेला, आमच्या आखाजीला.

सुतक फिटल्यावर आबा चार माणसांना घेऊन आले. गावात आणखी लेकरं आजारी पडली होती. आबांचं म्हणणं सरळ होतं. "पोथी आर्धी राही गयी, अभिमन. म्हनीसन हाई व्हयनं. तू ती पुरी कर."

नाना मनाशी कडू हसले. कारण कोणतंही असो, ऐकायला तर तयार आहेत! ते त्याच संध्याकाळी देवळात गेले. आप्पांनी दिलेली सगळी कला त्यांनी त्या एका पानावर ओतली. पाणी खळखळ उकळा. गार करा. तांब्याभराला मूठभर साखर, तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढंच मीठ. घोट घोट पाजा, ओकलं तरी पाजा, आणि पाजत पाजत डॉक्टरकडे न्या. हे त्यांनी चालीवर म्हटलं, अहिराणीत सोडवलं, हातानं मूठ आणि चिमूट करून दाखवली. मग चाल सोडून साध्या आवाजात हात जोडून म्हणाले, ही पोथी नाही, बाबांनो, हे पुस्तक आहे. यात देव नाही. घरी जा आणि हे करा. बोलताना ते रडत होते.

देऊळही रडलं. एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "इतलं रसाय तं आप्पाबी नही वाचेत."

ऐकणाऱ्यांतली बेबाबाई पुढे आली. मांडीवरचं तिचं लेकरू मान टाकून पडलं होतं, डोळे खोल गेलेले, अगदी वाचलं होतं तसेच. तिनं त्याचं तोंड दोन बोटांनी उघडलं आणि पोथीपुढच्या तांब्याकडे नजर लावली.

"घर जाईसन करशी ना, बेबा? मीठ, साखर?" नानांनी विचारलं.

"करसु ना, नाना. पन पहिले तीर्थ द्या."

नानांना कळून चुकलं. ती घरी जाणार होती आणि काही करणार नव्हती. तीर्थ मिळाल्यावर मग करायचं काय राहतं? हे गाव ऐकणार, रडणार, हात जोडणार आणि ऐकलेलं सगळं इथंच पाटावर ठेवून जाणार. त्या क्षणी नानांनी समजावून सांगण्याचा नाद कायमचा सोडला. "थांब," एवढं म्हणून त्यांनी तांब्या उचलला. देवळामागे पुजाऱ्याची चूल होती. तिथं त्यांनी पाणी उकळलं, परातीत ओतून वाऱ्यावर गार केलं, साखर घातली, मीठ घातलं, आणि तांब्या आणून पोथीपुढे ठेवला. वर फूल टाकलं. हात जोडले. मग बेबाबाईला म्हणाले, "ले. संजीवनी. घोट घोट पाज, सरनी का आखो लेवाले ये. आनि पोथीनी आज्ञा शे, उजाडताच डॉक्टरकडे लई जा."

पोथीची आज्ञा म्हटल्यावर ती गेली. लेकरू वाचलं.

त्यानंतर बोरझिऱ्याला हगवणीनं लेकरू गेल्याचं फारसं ऐकू आलं नाही. पोथी देवळातच राहिली, तिला काचेची पेटी झाली. आजूबाजूच्या गावांतून कडेवर लेकरं घेऊन बाया यायला लागल्या. नाना दर सकाळी गिरणीमागच्या खोलीत दार लावून पाणी उकळायचे. कोणी पाहिलं असतं तर देव पळाला असता आणि देवाबरोबर लेकरंही. गिरणीवर आता ते चंद्राबद्दल बोलत नसत. ताऱ्यांचं आणि मुंग्यांचं पुस्तक त्यांनी पुन्हा उघडलं नाही. पुढे एका वर्षी आठल्ये सर रेडिओवर आपल्या आवडत्या पुस्तकांबद्दल बोलले आणि धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यात विज्ञान कसं रुजलं ते त्यांनी कौतुकानं सांगितलं. आबांनी पेढे वाटले. नानांनी पेढा हातात घेतला आणि तो हातातच राहिला.

एवढं सगळं एक वेळ सोसलं असतं त्यांनी. सोसवत नव्हती ती यशोदाबाई. प्रत्येक वाचलेल्या लेकरामागे ती आणखी वाळत गेली. आई हसत लेकरू घेऊन नारळ फोडायला आली की ही देवळाच्या खांबाला टेकून बघत बसायची. सोनी गेल्यापासून तिनं स्वतः तीर्थ घेतलं नव्हतं. आपली लायकी नाही म्हणायची.

एका श्रावणात तिलाच हगवण लागली. नानांनी तांब्या भरून आणला आणि वाटीनं तिला पाजला. तिनं घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि डोळे मोठे केले.

"हाई तं गोड शे," ती म्हणाली. "गोड आनि खारं."

नानांनी वाटी पुन्हा पुढे केली.

"सोनीले दिधं ते आसं नही व्हतं. मी चाखी देखं व्हतं. नुसतं पानी व्हतं ते." मग इतकी वर्षं न सुटलेलं कोडं सुटावं तसा तिचा चेहरा झाला. "म्हंजे मना हातमा पोथीनी संजीवनी उतरूच दिधी नही. बठ्ठास्ले पावनी, मालेच नही पावनी. काय पाप व्हतं हो मना हातमा?"

नानांनी वाटी खाली ठेवली. आता बोलायलाच हवं होतं, मग गाव बुडो, पेटी फुटो. त्यांनी तिचा हात धरला.

"पाप मनं शे, यशोदा. मी ते पान..."

तिनं दुबळ्या हातानं त्यांचं तोंड झाकलं. "आसं नका बोलू," ती म्हणाली. "तुम्ही पोथीना मानूस. तुमनामुये लोकेसना लेकरं वाचतस." मग तिनं स्वतःच वाटी उचलली, कपाळाला लावली आणि उरलेलं पाणी डोळे मिटून पिऊन टाकलं.